तुरट लागतं म्हणजे नक्की होतं काय?

प्रश्न : हिरड्याचा तुकडा चघळला की तोंड कोरडं पडतं, जीभ खरखरीत होते. हे टॅनिनमुळे, म्हणजे झाडातल्या तुरट द्रव्यामुळे होतं असं ऐकलं. टॅनिनने जुलाब थांबतात म्हणे, मग हिरडा पोट साफ व्हायला कसा काय देतात?

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण टॅनिनचं सगळं काम तुमच्या जिभेनेच तुम्हाला सांगितलंय. लाळेतली प्रोटीन्स तोंड बुळबुळीत ठेवतात, टॅनिन त्यांनाच चिकटतं आणि त्यांचा साका करतं, मग बुळबुळीतपणा गेला की जीभ खरखरीत लागणारच. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात तेही असंच, फक्त तिथे प्रोटीन कातड्यातलं असतं. सुजलेल्या हिरड्या, घसा यासाठी तुरट काढ्याच्या गुळण्या करतात तेव्हा वरचा थर असाच आवळला जातो, आणि आतड्यात हेच झालं की पाणी झिरपणं कमी होऊन जुलाबाला आळा बसतो.

टॅनिनचे मुख्य प्रकार दोन. हिरडा, मायफळ, डाळिंबाची साल यातलं टॅनिन पाण्यात फुटून गॅलिक किंवा एलॅजिक ॲसिड देणारं, आणि खैर, बाभूळ यातलं कॅटेचिनसारख्या घटकांच्या साखळ्यांचं, ते सहज फुटत नाही.

आता हिरडा. त्यात चेब्युलिनिक, चेब्युलॅजिक ॲसिडसारखी टॅनिन्स भरपूर आहेत पण सोबत अँथ्राक्विनोन गटातली सारक द्रव्यंही आहेत, म्हणून एकाच फळात दोन्ही गुण. एका झाडात एकच औषध असतं असं धरून चालू नका, हे मला अगदी मनापासून सांगायचंय.

एक करून बघा, ओला हिरडा किंवा डाळिंबाची साल लोखंडी सुरीने कापा, पातं काळंनिळं पडेल. टॅनिनने लोह धरलं, जुनी काळी शाई याच रंगाची. पोटातही तसंच होतं, म्हणून लोहाची गोळी चहाबरोबर किंवा तुरट काढ्याबरोबर घेऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे त्यांनी तर नक्कीच.

आणि भाजलेल्या जागी असलं तुरट काही लावू नका. 1925 पासून बरीच वर्षं भाजलेल्यांवर टॅनिक ॲसिड लावायचे, जखमेवर छान कडक पापुद्रा धरायचा, पण ते अंगात शोषलं जाऊन लिव्हरला इजा होते हे लक्षात आल्यावर बंद केलं.