नाताळाआधी लंडनच्या मनोरुग्णालयात सेवा करता येईल का?

डिसेंबरात मुलीकडे लंडनला जाताय, तेव्हा मनोरुग्णालयात मदत करता येईल का, हा तुमचा प्रश्न. येईल, पण तयारी मुंबईतूनच हवी. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा एकूण ३० दिवसच, तीही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी. पोलिसांचा दाखला मागू शकतात. तो लागेल का, हे संस्थेला आधीच विचारून ठेवा. तिथे पोचून अर्ज केलात तर तपासणीतच नाताळ उलटेल.

वॉर्डात सजावटीचे काचेचे गोळे, लांब रिबिनी नेऊ नका, कुणी स्वतःला इजा करून घेईल ही भीती असते. रमवाला केकही नको. फोटो तर अजिबात नाही! काही रुग्ण सणाला घरी जातात. मागे उरतात त्यांच्याशी पत्ते खेळत बसा. सवय नसेल तर आधी ठाण्याच्या मनोरुग्णालयात विचारा, १९०१ पासून आहे, लोकलने जाता येतं.