वाचक विचारतात : सड्यावरचा तंबू

प्रश्न : डिसेंबरात आम्ही नवरा-बायको देवगडकडे खाडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, दोन रात्री तंबू टाकणार आहोत. हिला बिबट्याची धास्ती, मला चिलटांची. मागच्या वेळी कडुलिंबाचं तेल चोपडूनही अंगभर गांधी उठल्या होत्या.

उत्तर : चिलटं खाडीच्या ओल्या चिखलात, कांदळवनात वाढतात. उडायला ती दुबळी, वाऱ्यात टिकत नाहीत. दिवसाचे खारे वारे पडलेले आणि रात्रीचे मतलई अजून सुटायचे, अशा संध्याकाळच्या कुंद वेळी ती तुटून पडतात. सकाळी वारा फिरतानाही तेच. म्हणून तंबू खाडीकडच्या उतारावर नको, उघड्या माथ्यावर टाका आणि दिवेलागणीआधी जेवण उरका. डास अडवणाऱ्या साध्या जाळीतून चिलट आरामात आत शिरतं, तेव्हा जाळी बारीक विणीचीच घ्या. कडुलिंबाच्या तेलाचा असर फार टिकत नाही. 20 ते 30 टक्के डीट (कीटकांना दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम लावा. वेष्टनावरचा आकडा वाचूनच घ्या. उन्हाचं मलम आधी, हे नंतर. चष्मा आणि घड्याळ जपा, डीटने प्लॅस्टिक खराब होतं.

बिबट्या कुत्र्यांच्या मागावर येतो. गावातलं कुत्रं लळा लावून तंबूपाशी निजवू नका, रात्री बाहेर जाल तर दोघं मिळून, बॅटरी घेऊन, बोलत जा. एवढं पुरे.

आमच्या मते खरी काळजी फुरशाची, या छोट्या विषारी सापाची. जांभ्याच्या कातळात मेखा शिरत नाहीत, मग दोऱ्या ताणायला माणसं तिन्हीसांजेला दगड उचलत फिरतात. फुरसं आणि विंचू नेमके त्याच दगडांखाली असतात, शिवाय फुरशाचा रंग मातीत मिसळून जातो. मेखांशिवाय उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्या. सहा रिकाम्या पिशव्या न्या, उजेडातच प्रत्येकीत पाचेक किलो माती भरा आणि दोऱ्या त्यांना बांधा. दगड हलवावाच लागला तर आधी काठीने उलटवा. बूट तंबूच्या आत ठेवा, घालण्यापूर्वी झटका.

दंश झालाच तर अंगठ्या-बांगड्या काढा, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा. आवळपट्टी नको, चिरणं-चोखणं नको. 108 ला फोन करा. सर्पविषावरची लस कुठल्या रुग्णालयात आहे, ते निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. सड्यावर फोनला रेंज कुठे येते तेही पाहून ठेवा.

गोचिडीसाठी रोज संध्याकाळी एकमेकांच्या कानामागे, काखेत, कमरेला, गुडघ्यामागे बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावू नका. दोडामार्ग-सावंतवाडीकडे गोचिडीमुळे होणारा माकडताप आढळला आहे, तिकडे जाल तर हे चुकवू नका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं सांगा.

प्रश्न : त्यापेक्षा खाली पुळणीतच, समुद्रकाठच्या वाळूत, तंबू टाकला तर?

उत्तर : अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं. माडाखाली झावळी पडते. शिवाय नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, दिव्यांनी ती बिचकतात. सडाच बरा, मात्र तो मोकळा दिसला तरी कुणाच्या तरी सामाईकात असतो, आधी गावात विचारा.