विम्याच्या पैशातून केलेली दुरुस्ती निकृष्ट निघाली, दाद कुणाकडे मागू?
पुराचा क्लेम मिळाला, पण नवा गिलावा सुटायला लागला, असं तुम्ही लिहिलंय. ठेकेदार तुम्हीच नेमला असेल तर विमा कंपनी हात वर करणार. पॉलिसी नुकसानीचे पैसे देते, कामाची हमी नाही. तेव्हा ठेकेदारालाच धरा आणि त्याचे उरलेले पैसे अजिबात सोडू नका.

भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलाव्याने भिंत धरलेलीच नाही, बहुतेक ओल सुकायच्या आतच काम उरकलंय. त्याचा व्हिडिओ काढा, दुसऱ्या मिस्त्रीकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, मग नोटीस पाठवा. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, नाहीतर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. तोवर गिलावा पाडू नका, पुरावा जाईल.