हायड्रॉस सोडायचं, पण दराचं काय?

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारी रासायनिक पूड) बंद केलं की गूळ तांबूस होतो आणि सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, दर पडतो. काय करावं?

उत्तर : बंद कराच, पण एकदम नको. आठवड्यातली एक काहील (रस आटवायची मोठी कढई) बिनहायड्रॉसची, वेगळी धरा. भेंडीचं चिकट पाणी घालून वर आलेली मळी उकळी फुटण्याआधीच काढा; उशीर झाला तर ती रसात मिसळते आणि रंग तिथंच बिघडतो. साधारण ११८ अंश सेल्सिअसला काहील उतरवा. हा गूळ ३० किलोच्या रव्यांत (मोठ्या ढेपांत) सौद्याला नेऊच नका, तिथं रंगच बोलतो! अर्ध्या-एक किलोच्या ढेपा थेट गिऱ्हाइकाला विका. आधी चव द्या, मग भाव सांगा. कोमट ढेप मात्र पिशवीत भरू नका, आत पाणी सुटतं.