सातव्या महिन्यातले फोटो: भाच्याला पत्र

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद. सूनबाईचे मॅटर्निटी फोटो तू स्वतःच काढणार, हे वाचून बरं वाटलं. जागा मात्र पटली नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवरून गोल्डन गेट ब्रिज झकास दिसतो, त्यात वाद नाही. पण वाळूतून चालायचं, वारा झोंबणारा, पॅसिफिकचं पाणी सप्टेंबरातही गारठवणारं. लाटाही तिथं फसव्या. बराच वेळ शांत असतात आणि मग एखादी अचानक पार वर येते. सातवा लागलेल्या बाईला तिच्यापुढे पळता येत नाही. शिवाय तुझ्या सासूबाई सोबत येणार म्हणून सांगतो, त्या बीचच्या उत्तर टोकाला लोक कपड्यांविना ऊन खात पडलेले असतात!

त्यापेक्षा आपल्या फ्रीमाँट गावातलाच लेक एलिझाबेथ हा तलाव बघ. सपाट पक्की वाट, बसायला बाक, स्वच्छतागृहाची सोय. या दिवसांत तिला घडोघडी जावं लागतं, आणि ते अडलं की चेहरा कसनुसा होतो, मग कुठलीही लेन्स काही करू शकत नाही.

सप्टेंबरच्या मध्यात सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. सहाला पोचा. पूर्वेला मिशन पीक हा डोंगर आहे, मावळतीचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. इथला पाऊस हिवाळ्यातला, त्यामुळे त्या टेकड्या आत्ता वाळल्या गवतानं पिवळ्या पडलेल्या असतात. डोहाळजेवणाची हिरवी साडी त्या पिवळ्यावर काय उठून दिसेल! लॉनवर मात्र तीच साडी हरवते. म्हणून तू गुडघ्यावर बसून, कॅमेरा तिच्या पोटापेक्षा खाली धरून काढ, म्हणजे मागे लॉनऐवजी डोंगर येईल. उन्हाकडे तोंड करून उभी केलीस तर डोळे मिचकावेल, तिला बाजूनं उभी कर. पोटाचा आकारही तसाच नीट दिसतो. फार जवळ जाऊन मोबाइलच्या वाइड लेन्सनं काढू नकोस, पोट आणि नाक दोन्ही भलतीच मोठी येतात.

गवतात उताणं झोपवून वरून फोटो काढायची फॅशन आहे, तिच्या नादी लागू नकोस. पोट एवढं वाढलं की उताणं पडल्यावर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे रक्त कमी परततं आणि बाईला गरगरतं. झोपलेला फोटो हवाच असेल तर डाव्या कुशीवर, खाली जाड चादर घालून. चादर लागेलच, कारण तिथं कॅनडा गीजनी, म्हणजे रानहंसांनी, सगळीकडे घाण केलेली असते.

नऊवारीचा हट्ट सासूबाईंनी धरला तरी सहावारीच नेसव, परकराची नाडी पोटाखाली आणि सैल. पदराला दोन पिना जास्त लाव, संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो. फुलांचे दागिने जरूर घाला. पुठ्ठ्याचा चंद्र आणि धनुष्यबाण मात्र घरच्या कार्यक्रमाला ठेवा, तळ्याकाठी तो चंद्र धरायला वेगळा माणूस लागेल. हातपाय सुजले असतील तर अंगठी बोटात कोंबू नका. सपाट चप्पल, पाण्याची बाटली, काहीतरी खायला आणि घडीची खुर्ची गाडीत असू दे. दर चार-पाच फोटोंनंतर तिला बसव. ती ‘पुरे’ म्हणाली की पुरे, ऊन कितीही सुरेख असो.

एडिटिंगबद्दल एकच. इथले तयार फिल्टर गोऱ्या कातडीसाठी बेतलेले वाटतात मला. आपल्या गव्हाळ रंगावर ते लावले की चेहरा एक तर राखेसारखा होतो, नाही तर नारिंगी. तिचा रंग उजळू नकोस. अक्का साताऱ्यात फोटो मोठा करकरून बघणार आहे, तिला सूनच दिसायला हवी.

शुक्रवारी रात्री येऊन माझी ८५ मिमीची लेन्स घेऊन जा. बॅटरी मी चार्ज करून ठेवतो.

तुझा,
मामा