विमा आपोआप रिन्यू झाला, मग हप्ता का वाढला? – वाचकांचे प्रश्न

यावेळी विम्याच्या ऑटो-रिन्यूअलवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. बहुतेकांचं दुखणं एकच आहे, पॉलिसी आपोआप रिन्यू झाली, खात्यातून पैसे गेले आणि मग कळलं की हप्ता वाढलाय. माझं मत आधीच सांगून टाकते: विमा खंडित होऊ नये म्हणून ऑटो-डेबिट चांगलं आहे, पण आकडा दरवर्षी आपण स्वतः बघितलाच पाहिजे. आणि दुसरं म्हणजे जुनं गिऱ्हाईक असण्याला काही विम्यांत खरोखर किंमत आहे, काहींत काडीची नाही. कुठे थांबायचं आणि कुठून उठायचं ते त्यावर ठरतं.

प्रश्न (रत्नागिरी): माझ्या १२०० सीसीच्या कारचा विमा चार वर्षं एकाच कंपनीकडे आहे, एकही क्लेम नाही. गेल्या वर्षी ११,२०० रुपये भरले, यंदा कार्डवरून आपोआप १३,९०० कापले. मुलाने त्याच कंपनीच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून नवीन पॉलिसी म्हणून बघितलं तर १०,४०० दाखवतंय! हे कायद्यात बसतं का?

उत्तर: दादा, बसतं. मला ते पटत नाही पण बसतं. तुमच्या हप्त्यात दोन भाग असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, तो सरकार ठरवतं आणि सगळ्या कंपन्यांना सारखाच असतो, जून २०२२ च्या दरपत्रकात १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारला तो ३,४१६ रुपये आहे, त्यात कोणी कमी-जास्त करू शकत नाही. दुसरा भाग तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेज. त्यावरचं दरांचं बंधन २००७ पासून उठलंय, तिथे कंपनी आपल्या मर्जीने सूट देते आणि मर्जीने काढून घेते. नवीन माणूस यावा म्हणून सूट मोठी दाखवायची, आणि जो गप्प बसून दरवर्षी भरतोय त्याची हळूहळू कमी करत न्यायची, असा हा प्रकार.

आता दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवा आणि आधी आयडीव्ही बघा, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार निकामी झाली तर मिळणारी रक्कम. १०,४०० वाल्या कोटेशनमध्ये आयडीव्ही लाखभराने कमी टाकला असेल तर ती स्वस्ताई नव्हे. मग ॲड-ऑन बघा, म्हणजे जादा पैसे भरून मूळ पॉलिसीला जोडलेली जादा संरक्षणं. ऑटो-रिन्यूअलमध्ये मागच्या वर्षीचे सगळे ॲड-ऑन तसेच पुढे येतात, कधी एखादा नवीन पण चिकटलेला असतो. त्यातला जो नको तो काढा, पण इंजिन प्रोटेक्शन असेल तर कोकणात ते काढू नका असंच मी सांगेन, कारण पाण्यात अडकलेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी जाऊन ते बसलं तर साध्या पॉलिसीत ते पैसे सहसा मिळत नाहीत, आणि आपल्याकडे जुलैत कुठला रस्ता कधी पाण्याखाली जाईल सांगता येत नाही.

हे सगळं सारखं असूनही फरक उरला तर कंपनीला फोन करून सरळ सांगा की तुमच्याच साइटवर इतका दर दिसतोय, मला तोच द्या. बऱ्याचदा देतात. नाही दिला तर बिनधास्त दुसरीकडे जा, कारण गाडीच्या विम्यात जुनेपणाची जी एकमेव कमाई आहे, नो क्लेम बोनस, ती तुमच्यासोबत येते. पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. चार वर्षांनंतर तुमचा ४५ टक्के होतो, तो ओन डॅमेजच्या भागावर मिळतो, आणि तो तुमचा आहे, कंपनीचा नाही. फक्त जुनी पॉलिसी संपून ९० दिवस गेले तर तो बुडतो, त्यामुळे मध्ये गॅप पडू देऊ नका. पैसे कापले गेले असले तरी नवी मुदत सुरू व्हायची असेल तर आजच ईमेलने रद्द करायला सांगा, मुदत सुरू झाली असेल तर मात्र आधी दुसरी पॉलिसी हातात घ्या आणि तिची कॉपी देऊन ही रद्द करून घ्या, रस्त्यावर विम्याशिवाय एक दिवस पण नको.

आणि कार्ड किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे जायच्या २४ तास आधी मेसेज आलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यात नकार द्यायची सोय पण असते. विम्याच्या हप्त्याला १ लाखापर्यंत ओटीपी लागत नाही, म्हणून तो मेसेज हाच तुमचा शेवटचा चान्स. आपल्याकडे गोची अशी होते की नंबर दिलेला असतो मुंबईच्या मुलाचा, मेसेज जातो त्याला, तो कामाच्या गडबडीत बघत नाही आणि इथे गावात आई-बाबांना पत्ताच नसतो. बँकेत आणि कंपनीत दोन्हीकडे कुठला नंबर आहे ते एकदा तपासा.

प्रश्न (दापोली): मुलगी नर्स म्हणून इंग्लंडला आहे. तिच्या गाडीचा विमा पण असाच आपोआप रिन्यू होतो. तिथे पण फसवतात का?

उत्तर: तिथे हे इतकं बोकाळलं होतं की शेवटी नियम करावा लागला. १ जानेवारी २०२२ पासून तिथल्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने गाडी आणि घराच्या विम्यात ठरवून दिलंय की रिन्यूअलचा दर त्याच मार्गाने येणाऱ्या नवीन गिऱ्हाइकाच्या (एजंट, वेबसाइट वगैरे) दरापेक्षा जास्त लावायचा नाही. ऑटो-रिन्यूअल बंद करायची सोपी सोय पण द्यावी लागते. रिन्यूअलच्या पत्रात गेल्या वर्षीचा हप्ता छापायचं बंधन तर २०१७ पासूनच आहे. पण नियम त्याच कंपनीपुरता आहे, दुसरी कंपनी स्वस्त असू शकते, म्हणून तिलाही सांगा की पत्र आल्यावर दोन-तीन ठिकाणी दर बघ. आपल्याकडे गाडीच्या विम्यात असा नियम नाहीये आणि तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं. निदान मागचा हप्ता आणि यंदाचा हप्ता शेजारी शेजारी छापा, एवढं तरी.

प्रश्न (कणकवली): मी निवृत्त शिक्षक, वय ६८, पत्नी ६५. अकरा वर्षांची जुनी मेडिक्लेम. यंदा हप्ता ४२ हजारांवरून एकदम ५४ हजार. एजंटाक विचारलंय तर म्हणता वय वाढला. रागाने ऑटो-डेबिट बंद करूचो विचार आसा. दुसरी कंपनी स्वस्तात देते म्हणतात.

उत्तर: काका, थांबा. ऑटो-डेबिट आज बंद करू नका. गाडीच्या विम्याला जे सांगितलं ते इथे लागू नाही, मेडिक्लेममध्ये तुमच्या अकरा वर्षांना फार मोठी किंमत आहे. आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे सुरुवातीची काही वर्षं त्यांचा क्लेम मिळत नाही तो काळ, तुमचा कधीच संपलाय. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की ‘तुम्ही आजार लपवला’ असं म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. क्लेम केला म्हणून रिन्यूअल नाकारता येत नाही. या वयात शुगर-बीपीसकट नवी पॉलिसी काढायला गेलात तर कोण देईल आणि काय अटींवर, विचार करा.

पण ५४ हजार मुकाट्याने भरा असंही मी म्हणत नाही. ३० जानेवारी २०२५ ला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना आदेश दिलाय की ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आधी आमच्याशी बोला. तुमची वाढ २८ टक्क्यांच्या वर आहे. तेव्हा कंपनीला लेखी विचारा: यातली दरवाढ किती, वयोगट बदलल्यामुळे किती, आणि ही वाढ त्या आदेशात कशी बसते. एजंटाच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. हप्त्याच्या पावतीवर जीएसटी लावलाय का तेही बघा, वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाला मिळून एकच) मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. उत्तर नीट आलं नाही तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा, त्यापुढे विमा लोकपाल आहेत, तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात.

तरीही कंपनी बदलायची असेल तर ती ‘पोर्ट’ करून बदला, नवी पॉलिसी काढून नाही. पोर्ट केलं की जुन्या सम इन्शुअर्डपुरती, म्हणजे जुन्या विम्याच्या रकमेपुरती, तुमची वर्षं सोबत येतात. रिन्यूअलच्या दोन महिने आधी अर्ज टाका, म्हणजे नवी कंपनी नाही म्हणाली (आणि ती म्हणू शकते) तरी जुनी चालू असेल. नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी सोडायची नाही. आणि फक्त हप्ता बघून पोर्ट करू नका. सिंधुदुर्गातला माणूस मोठ्या ऑपरेशनला कोल्हापूरला जातो नाहीतर गोव्यात, तर त्या कंपनीचं कॅशलेस तिथल्या कुठल्या हॉस्पिटलांत आहे ती यादी आधी मागा. तारीख चुकलीच तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते, जुनेपणा टिकतो, पण त्या मधल्या दिवसांत आजारी पडलात तर पैसे मिळायचे नाहीत. आणखी एक, ७० पूर्ण झाले की उत्पन्न कितीही असो, सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, दोन वर्षांनी ते कार्ड नक्की काढा.

प्रश्न (गुहागर): माझ्या दोन बँकांतून दरवर्षी २० रुपये आणि ४३६ रुपये कापतात. म्हणजे विमा डबल का?

उत्तर: नाही ताई, डबल नाही. २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा बिमा (अपघात विमा) आणि ४३६ ची जीवन ज्योती (आयुर्विमा), प्रत्येकी २ लाखांचीच, कितीही खात्यांतून भरलं तरी क्लेम एकदाच, वरचे पैसे फुकट जातात. एका बँकेत अर्ज देऊन बंद करा. जिथे चालू ठेवाल तिथे मेअखेर शिल्लक हवी, कारण वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. शिल्लक नसली आणि जीवन ज्योती तुटली तर परत घेता येते पण पहिले ३० दिवस अपघाती मृत्यू सोडून क्लेम मिळत नाही. आणि ती वयाच्या ५५ पर्यंतच असते.

प्रश्न (देवगड): सोसायटीच्या कर्जखात्यातून आंब्याच्या विम्याचे पैसे न विचारता कापले. असं करता येतं का?

उत्तर: २०२० च्या खरिपापासून पीक विमा कर्जदार शेतकऱ्यालाही ऐच्छिक आहे. पण मेख अशी की नको असेल तर तसं तुम्हीच लिहून द्यायचं, विम्यात नाव नोंदवायची मुदत संपायच्या किमान ७ दिवस आधी. नाही दिलं तर होकार धरून पैसे कापतात. तरी नकार द्यायच्या आधी विचार करा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात तुमची बाग कोणी येऊन बघत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद बघतात, अवकाळी पाऊस, कमी-जास्त तापमान, वारा. तेव्हा तुमच्या मंडळात गेल्या काही वर्षांत पैसे आले का हे शेजारच्या बागायतदारांना विचारा आणि मग ठरवा. ठेवायचा ठरला तर सातबाऱ्यावरची आंब्याची नोंद आणि पावतीवरचं क्षेत्र जुळतंय ना ते बघा.

प्रश्न (चिपळूण): बाजारपेठेत दुकान आहे. २०२१ च्या पुरानंतर दुकानाचा विमा काढला, ८ लाखांचा. तेव्हापासून बँकेतून आपोआप रिन्यू होतो आणि हप्ता जवळजवळ तेवढाच आहे. म्हणजे माझं बरं चाललंय ना?

उत्तर: दादा, सगळ्यात जास्त काळजी मला तुमच्याच पत्राची वाटली. हप्ता तेवढाच आहे कारण रक्कम तेवढीच आहे. २२ जुलै २०२१ नंतर तुम्ही रिकाम्या दुकानात थोडा थोडा माल भरत होता तेव्हाचे ते ८ लाख. आज दुकानात माल, फर्निचर, फ्रिज धरून किती आहे? समजा २० लाखांचं आहे. उद्या पाणी येऊन ५ लाखांचं नुकसान झालं तर तुम्हाला वाटेल ८ लाखांचा विमा आहे, ५ मिळतील. मिळणार साधारण २ लाख, कारण कंपनी म्हणते २० मधल्या ८ चाच, म्हणजे ४० टक्केच विमा तुम्ही घेतला होता, मग नुकसानीचे पण ४० टक्के. छोट्या व्यावसायिकांसाठी २०२१ पासून जी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे त्यात १५ टक्क्यांपर्यंतची कमी रक्कम माफ असते, पण तुमचा फरक त्याच्या कितीतरी पुढे गेलाय.

ऑटो-रिन्यूअलचं हेच होतं, जुना आकडा जुन्याच जागी राहतो. बँकेने काढलेली पॉलिसी असेल तर अजून एक गोष्ट बघा, रक्कम फक्त कर्जाएवढी धरली आहे का, आणि त्यात माल आहे की नुसती इमारत. बऱ्याच जणांना पॉलिसीचा कागदच मिळालेला नसतो, तो मॅनेजरकडून मागून घ्या, तुमचा हक्क आहे. मग स्टॉकची यादी करा, जीएसटीच्या बिलांवरून खरेदी दाखवता येईल अशी, आणि मुदतीची वाट न बघता आत्ताच रक्कम वाढवून घ्या, मुदतीच्या मध्येही उरलेल्या दिवसांचा जादा हप्ता भरून ती वाढवता येते. यादीची आणि बिलांची एक प्रत दुकानात नको, वरच्या मजल्यावर किंवा मोबाईलवर ईमेल करून ठेवा.

घरासाठीची भारत गृह रक्षा मात्र इथे बरी आहे, जास्त मुदतीची घेतली तर दरवर्षी रक्कम १० टक्क्यांनी आपोआप वाढते, जादा हप्ता न घेता, आणि कमी विम्याची ही कापाकापी पण त्यात नाही. दुकानाला ती चालत नाही, म्हणून वाशिष्ठीचं पाणी चढायच्या आत, जूनच्या आधी, हे काम उरका.