शेतकरी उपाशी आणि मदत भूतान-मालदीवला का?

‘आपला शेतकरी कर्जात बुडालाय आणि सरकार भूतान-मालदीवला कोट्यवधी वाटतंय’ हा तुमचा संताप मला समजतो. कापसाला भाव नाही, पीकविमा अडकलेला, अशात ‘मालदीवला ६०० कोटी’ हे वाचून कुणालाही झोंबेल.

पण तो आकडा एकूण खर्चाशेजारी ठेवून बघा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात परदेशांना मदत म्हणून सुमारे ५,४८३ कोटी धरले होते आणि एकूण खर्च ५० लाख कोटींच्या वर. शंभर रुपयांतले साधारण अकरा पैसे. २०१७ साली एकट्या महाराष्ट्राने जाहीर केलेली कर्जमाफी ३४ हजार कोटींची होती. ही मदत उद्या बंद केली तरी शेतकऱ्याच्या हाती फारसं काही पडणार नाही.

परदेशी मदतीवर फार पैसा जातो, असा समज सगळीकडे आहे. अमेरिकेत केएफएफ या आरोग्य धोरणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये लोकांना विचारलं, बजेटचा किती भाग परदेशी मदतीवर जातो, तर त्यांचा सरासरी अंदाज निघाला २६ टक्के. प्रत्यक्षात खर्च एक टक्क्याच्या आसपास! तो सांगितल्यावर ‘फार खर्च होतो’ म्हणणारे ५८ टक्क्यांवरून ३४ वर आले. म्हणून लोक कंजूष आहेत असं मी मानत नाही. त्यांना हिशेब कुणी नीट सांगत नाही.

दुसरं, मदत म्हणजे सगळी खिरापत नसते. आपल्या ५,४८३ कोटींत २,१५० एकट्या भूतानचे, आणि त्यात कर्जही धरलेलं आहे. तिथला चुखा जलविद्युत प्रकल्प आपण ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभा केला, तिथली जादा वीज आपणच विकत घेतो. शिवाय भूतान आणि चीन दोघंही हक्क सांगतात ते डोकलाम पठार तिथेच आहे; २०१७ मध्ये भारत आणि चीनचं सैन्य तिथे समोरासमोर उभं ठाकलं होतं, ते आठवा. श्रीलंकेला २०२२ मध्ये दिलेले चार अब्ज डॉलरही बहुतांश कर्ज आणि चलन-अदलाबदल (परत करायच्या बोलीवर दिलेलं चलन) अशाच रूपात होते.

चिडायचंच असेल तर म्यानमारमधल्या कलादान प्रकल्पावर चिडा. कोलकात्याहून समुद्र, नदी आणि रस्त्याने मिझोरामला जोडणारा हा मार्ग आपल्या पैशांतून होतोय. करार २००८ चा, सित्वे बंदर सुरू झालं २०२३ मध्ये. म्यानमारमधल्या पलेटवा गावाहून मिझोरामकडे येणारा रस्ता १५ वर्षं उलटली तरी रखडलेलाच. तिथे खर्च किती वाढला, का वाढला, हे आपण खासदाराला विचारायला हवं. संसदेची परराष्ट्र व्यवहार समिती दरवर्षी परराष्ट्र मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासते आणि तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात.